उठवलेला थवा : उजनीच्या काठावरचं एक प्रकरण

हे प्रकरण उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावातलं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. काळ दोन हिवाळ्यांचा आहे : २०२३-२४ आणि २०२४-२५. मी एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना पक्षी दाखवायला त्या गावात जायचे. पुढे भांडणात मध्यस्थ म्हणून ओढली गेले, तेव्हा तटस्थपणाचा दावा करत नाही.

पार्श्वभूमी

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, पण पाणी मागे पार इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंडपर्यंत पसरलं. कागदोपत्री जलाशयाचं नाव यशवंतसागर. काठावर मात्र कोणी तसं म्हणत नाही. जुनी माणसं ‘धरणाचं पाणी’ म्हणतात आणि पुण्याहून आलेल्यांचं ऐकून तरुण पोरं ‘बॅकवॉटर’ म्हणतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण येतं. पक्षी बघणाऱ्यांना हा सगळा काठ त्याच एका नावाने माहीत आहे.

या धरणाची एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. टक्का मोजतात तो त्याच्या वरच्या पाण्याचा. म्हणूनच उजनीचा टक्का शून्यावर थांबत नाही. बातम्यांत ‘उणे तीस’, ‘उणे चाळीस’ असे आकडे येतात, ते याच हिशेबाने. जमीन सपाट असल्याने पाणी हातभर उतरलं तरी काठ कित्येक फर्लांग मागे सरकतो आणि मधे चिखलाची उथळ पट्टी उघडी पडते. तिच्यावर तिघांचा डोळा असतो. शेतकरी तिथे गाळपेर करतात, मच्छीमार जाळी लावतात आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत चालतात.

ते इथे इतके का येतात, याचं उत्तर फारसं सुंदर नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमा ते उजनीत आणून सोडते. त्यावर शेवाळ आणि चिखलातले किडे पोसतात आणि त्यांच्यावर पक्षी. गुलाबी थव्याचा फोटो काढायला पुण्याहून येणारा माणूस एका अर्थाने आपल्याच नाल्यामागे आलेला असतो. हे मी एकदा सहलीत बोलले, तर दोघांनी नाश्ता बाजूला ठेवला.

रोहितांशिवाय हिवाळ्यात पट्टकादंब येतात. हिमालय ओलांडून येणारे हे हंस दिवसा काठावर विसावतात आणि रात्री हरभऱ्याच्या शेतात उतरतात. चक्रवाक, कुरव, शेकाटे, चित्रबलाक हे सगळे असतातच. पण होडीत बसणारं गिऱ्हाईक विचारतं ते एकच : “फ्लेमिंगो आहेत ना?”

गावातली बरीच घरं मासेमारीवर चालतात. गेल्या काही वर्षांत जाळ्यात चिलापीच जास्त येऊ लागली, दर पडला, आणि नेमक्या त्याच काळात कॅमेरेवाल्यांची ये-जा वाढली. पहाटे जाळं ओढायचं आणि सात वाजता तीच होडी धुऊन त्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, असं सुरू झालं. होड्या परत आल्या की कुणाच्या तरी अंगणात तळलेली चिलापी, रस्सा आणि भाकरी. प्रकरण सुरू झालं तेव्हा गावात सोळा-सतरा होड्या पर्यटकांसाठी चालत होत्या आणि ते सांभाळणारी नोंदवलेली संस्था वगैरे काही नव्हती.

प्रश्न

जानेवारी २०२४ मधला एक रविवार. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलंच नव्हतं, त्यामुळे पाणी लवकर उतरलं होतं आणि रोहितांचा मोठा थवा गावापासून वल्ह्याने वीस मिनिटांच्या अंतरावर होता. त्या सकाळी मी काठावर होते. सात ते साडेनऊ या वेळात थवा चार वेळा उठला. तिसऱ्या वेळी पाच होड्या एकाच बाजूने आत गेल्या होत्या आणि एका होडीतल्या तरुणाने वल्हं पाण्यावर आपटलं. पक्षी धावत, पाण्यावर पाय मारत उठले, सगळं आभाळ गुलाबी-काळं झालं आणि होड्यांतून टाळ्या पडल्या.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. दोन दिवसांत तो पुण्याच्या पक्षीमित्रांच्या गटांतून फिरला. वल्हं आपटणाऱ्याचा चेहरा त्यात स्पष्ट दिसत होता. टाळ्या वाजवणाऱ्यांचे चेहरे दिसत नव्हते, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात होता. पोराला शिव्या पडल्या, त्याच्या नंबरवर धमक्या आल्या आणि एका गटाने वन खात्याकडे लेखी तक्रार केली. कायद्याच्या बाजूने त्यांचं चुकत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणं, पकडणं यांच्या जोडीला हाकणंही आहे. पाखराला हात न लावताही माणूस शिकारी ठरू शकतो. गावात ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. खरं सांगायचं तर ती मीही तेव्हाच नीट वाचली.

थवा उठला म्हणजे पक्ष्यांचं नेमकं काय बिघडतं, हे होडीवाल्यांनी मला तोंडावर विचारलं. रास्त प्रश्न होता. रोहित जड पक्षी आहे. उठण्यासाठी त्याला धाव घ्यावी लागते आणि दर उड्डाणाला खाण्याचा वेळ जातो. खाणं असं बारीक की दिवसाचा मोठा भाग गाळण्यातच घालवावा लागतो. दुसरी गोष्ट त्यांना मी सांगायची गरज नव्हती, ती त्यांनी पाहिलेलीच होती. खोल पाण्याच्या बाजूने होडी आली की पक्षी काठाकडे सरकतात आणि काठावर कुत्री असतात. माशांच्या टाकलेल्या आतड्यांवर आणि जेवणावळींच्या उष्ट्यावर ती वाढलेली. त्या हिवाळ्यात राखाडी रंगाची दोन पिल्लं कुत्र्यांनी फाडलेली गावाने पाहिली होती.

गावातही एकमत नव्हतं. वयस्क होडीवाले तरुणांवर चिडलेले, तरुण म्हणत होते की गिऱ्हाईकच तसं मागतं. पहिल्या बैठकीत एकाने सांगितलं ते माझ्या वहीत तसंच उतरवलेलं आहे :

“आवं मॅडम, पाखरू उडलं तर गिऱ्हाईक टाळ्या वाजवतंय, वर बक्षीस देतंय. न्हाई उडलं तर म्हणतंय, एवढंच होय? मग मी काय करू?”

बक्षीस कधीकधी भाड्याच्या निम्म्यापर्यंत जायचं. हे वाक्य ऐकूनही मी त्या दिवशी अंतराच्या नियमाबद्दलच बोलत राहिले. प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

समोरचे पर्याय

देवळाच्या सभामंडपात तीन बैठका झाल्या. जे पर्याय निघाले, ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने देते.

तक्रार करणाऱ्या गटाचं म्हणणं साधं होतं : होड्या बंद करा. पण बंद कोणी करायच्या? लोक या भागाला सर्रास अभयारण्य म्हणतात, पण हा सिंचनाचा जलाशय आहे. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे अधिसूचित अभयारण्य आहे आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. जायकवाडी हाही मातीचा बांध घालून केलेला जलाशयच, पण तो पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर आहे. आमच्या काठाला असलं छत्र नव्हतं. २०१७ चे पाणथळ जागांचे नियमही कामाचे नव्हते, कारण सिंचनासाठी बांधलेले जलाशय त्यांतून वगळलेले आहेत. म्हणजे पाणी आणि बुडीत जमीन जलसंपदा खात्याची, पाखरांचा कायदा वन खात्याचा, मासेमारीचा ठेका आणखी कोणाचा आणि काठावरचा रस्ता ग्रामपंचायतीचा. बंदीचा कागद निघाला असता तरी पहाटे सहा वाजता काठावर तो वाचून दाखवायला कोणी उभं राहिलं नसतं. शिवाय एका गावाने होड्या थांबवल्या असत्या तर गाड्या पुढच्या गावी गेल्या असत्या. थवा तोच, होड्या दुसऱ्या.

दुसरा पर्याय माझा : थव्यापासून शंभर मीटरची रेघ, तरंगते पिंप बांधून आखायची. छान, मोजता येण्याजोगी.

तिसरा, इंजिनवाल्या होड्या बंद. यावर लगेच होकार आला. त्याचं कारण पक्षीप्रेम नव्हतं. इंजिनं तिघांकडेच होती आणि उरलेल्यांचा त्यांच्यावर आधीपासूनच राग होता. अशा होकारावर फार भरवसा ठेवू नये, हे मला नंतर कळलं.

चौथा पर्याय एका निवृत्त बस कंडक्टरने मांडला. त्यांच्याकडे होडी नव्हती, मुलाकडे होती. ते म्हणाले, “वडापच्या जीपांना कसा नंबर असतो? तसा नंबर लावा. पैसा एका गल्ल्यात, संध्याकाळी वाटणी.” सगळे हसले. स्वतःची गिऱ्हाइकं बांधून ठेवलेल्या दोघा-तिघांनी तर तो विषय तिथेच कापला.

पाचवा, होड्याच नकोत. काठावर गवताचं लपण बांधायचं आणि लोकांनी तिथून पाहायचं. हा पर्याय फोटोवाल्यांनाच पटला नाही. त्यांना पाण्याच्या पातळीवरून, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो हवा असतो. आणि काठ दर आठवड्याला सरकतो, तेव्हा लपण रोज कोण हलवणार?

सहावा पर्याय कोणी मोठ्याने बोललं नाही, पण तो तिथेच होता : काहीच करायचं नाही. व्हिडिओ आठ दिवसांत विसरला जाईल. तो तसा विसरलाही गेला. बैठका तरीही चालू राहिल्या, याचं श्रेय माझ्या समजावण्यापेक्षा त्या पोराच्या आईला जास्त आहे. ती सभामंडपाच्या पायरीवर बसायची आणि प्रत्येक बैठकीत एवढंच विचारायची की माझ्या पोराचं तोंड त्या फोनातून कधी निघणार.

काय केलं

आधी रेघ आखली, कारण ती सोपी वाटली. पिंपांना पैसे नव्हते म्हणून बांबूच्या काठ्या रोवल्या आणि वर लाल फडकी बांधली. जानेवारीच्या शेवटी हे काम झालं, फोटो काढले, मी समाधानाने घरी आले. फेब्रुवारीच्या मध्यात पुन्हा गेले तेव्हा काठ्या कोरड्या चिखलात उभ्या होत्या. पाणी त्यांना सोडून पुढे गेलं होतं आणि पाण्याबरोबर पक्षीही. एका काठीला कोणीतरी शेळी बांधली होती.

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. रेघ दर आठवड्याला हलवायची की रेघेची कल्पनाच सोडायची? मी हलवायच्या बाजूची होते. एक वयस्क मच्छीमार, ज्यांना गाव मामा म्हणतं, ते म्हणाले की काठ्या कशाला पाहिजेत, पाखरूच सांगतं. मला होडीत घालून ते थव्याकडे घेऊन गेले. शंभरेक मीटरवर वल्हं थांबवलं. पक्ष्यांच्या माना खाली होत्या. मग होडी सरळ न नेता तिरकी, कडेकडेने सरकवली. माना खालीच. आणखी थोडं पुढे गेल्यावर कडेच्या पाच-सहा पक्ष्यांनी माना वर केल्या. मग आणखी काहींनी केल्या आणि सगळ्यांची तोंडं एका बाजूला वळून थवा चालायला लागला. मामा म्हणाले, “आता थांबायचं. अजून चार हात गेलो की उठतंय.” आम्ही थांबलो. दोन-तीन मिनिटांत माना पुन्हा खाली गेल्या.

आम्ही नियम बदलला. ठरावीक अंतर नाही. माना वर आल्या की वल्हं थांबवायचं. थवा चालायला लागला की मागे यायचं. आणि होडी नेहमी काठाकडच्या बाजूने, म्हणजे पक्ष्यांना खोल पाण्याकडे वाट मोकळी राहील अशी न्यायची, कुत्र्यांच्या तोंडी ढकलायची नाही. पुस्तकांत अंतराचे आकडे असतात आणि ते चुकीचे नसतात. पण मीटर दिसत नाहीत, माना दिसतात. गिऱ्हाइकालाही दिसतात. होडीवाल्याने “माना बघा” म्हटलं की लेन्सवाला माणूस एकदम सामील होतो आणि मग थांबल्याचा राग त्याला होडीवाल्यावर काढता येत नाही.

पण नियम शहाणा झाला म्हणून तो पाळला गेला नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी पुन्हा थवा उठवला गेला आणि या वेळी उठवणारा त्या बैठकांत सगळ्यांत पुढे बसणारा होता. विचारलं तर त्याने बक्षिसाची नोट दाखवली. तेव्हा मला ते जुनं वाक्य पुन्हा आठवलं. आम्ही अंतराशी झगडत होतो आणि पाखरं उडत होती बक्षिसावर. ज्याचा थवा उडेल त्याला जास्त पैसे, हा हिशेब आहे तोवर काठ्या काय आणि माना काय, सगळं फुकट.

कंडक्टर काकांचा नंबर पुन्हा निघाला. या वेळी कोणी हसलं नाही, पण विरोध कडवा झाला. ज्यांची गिऱ्हाइकं फोनवरून ठरलेली असत, ते चांगले होडीवाले होते. त्यांनी पक्ष्यांची नावं पाठ केली होती, प्रकाशाची दिशा त्यांना कळायची. त्यांनी विचारलं की आम्ही शिकलो आणि वाटा सगळ्यांना का? त्यांचं म्हणणं मला आजही निम्मं पटतं. तडजोड अशी झाली : भाडं ज्याचं त्याचं राहील. आगाऊ ठरलेलं गिऱ्हाईक घेतलं तर त्या दिवशीचा रांगेतला नंबर जाईल. बक्षीस मात्र कोणीही स्वतः ठेवायचं नाही. ते काठावरच्या डब्यात, सर्वांसमोर, आणि रविवारी रात्री सारखी वाटणी. शिवाय एका वेळी एका थव्यापाशी तीनच होड्या, चौथीने थांबायचं.

डब्याला कुलूप दोन किल्ल्यांचं. एक किल्ली काकांकडे, दुसरी त्या पोराच्या आईकडे. ही दुसरी किल्ली कोणी सुचवली ते वहीत नाही. बहुधा तिनेच मागून घेतली.

इंजिनाचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सुटला. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात, कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. ती पर्यटकांची होडी नव्हती, आमच्या गावातलीही नव्हती. पण त्या रात्री आमच्या काठावर कोणी झोपलं नाही. सगळ्यांना माहीत होतं की आपल्याही होडीत एकही लाइफ जॅकेट नाही. महिन्यांपासून मी ज्या विषयावर बोलत होते त्यावर एकदाही इतकी शांत बैठक झाली नव्हती. पुढच्या हंगामाआधी डब्यातल्या शिल्लक पैशातून जॅकेटं आली, माणशी एक. होडीत माणसं किती बसवायची ते ठरलं, वारा उठला की बंद हेही ठरलं. कमी माणसं बसवायची म्हटल्यावर इंजिनाचं तेल परवडेना, आणि दोघांनी ती काढूनच ठेवली.

काय झालं

२०२४ च्या पावसाळ्यात धरण तुडुंब भरलं. गावाला आनंद झाला, आमच्या प्रयोगाची मात्र पंचाईत झाली. पहिल्या हंगामात पाणी पन्नास टक्के उण्याच्याही खाली गेलेलं, पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडलेलं आणि उथळ चिखल जिकडे तिकडे. दुसऱ्या हंगामात फेब्रुवारी आला तरी उथळ पट्टी नीट उघडी पडेना, रोहित उशिरा आले आणि आले तेही थोडे. तेव्हा दोन हिवाळ्यांतल्या पक्ष्यांची संख्या शेजारी मांडून आमच्या नियमांमुळे काय झालं ते सांगणं खोटेपणा होईल. पक्षी किती येणार हे उजनीत पाऊस आणि कालव्यांची आवर्तनं ठरवतात, आमचा डबा नाही.

जे सांगता येतं ते वागण्याबद्दल. थवा थोडा आणि गिऱ्हाईक भरपूर, अशा हंगामात पाठलाग वाढायला हवा होता. दुसऱ्या हंगामात मी नऊ सकाळी काठावर होते. होडीमुळे थवा उठल्याचं तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा दुसऱ्या गावाकडून आलेली होडी होती, किंवा असं मला आमच्या गावाने सांगितलं. एकदा ते नक्की खरं होतं. दोनदा मी फक्त मान डोलावली. एकदा थवा ड्रोनमुळे उठला. एका जोडप्याचं लग्नाआधीचं चित्रीकरण चाललं होतं. त्या वेळी होडीवाल्यांनीच ड्रोनवाल्याला उतरवायला लावला, आणि जरा जास्तच जोराने.

बक्षिसाचा डबा चालला, पण गळत. मोबाइलवर क्यूआर कोड दाखवून परस्पर पैसे घेणं सुरू झालं, ते डब्याला कसं दिसणार? ठरलेली गिऱ्हाइकं असलेल्या होडीवाल्यांपैकी एकजण या सगळ्याला कंटाळून शेजारच्या गावी गेला. त्याची गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर गेली. गावाने त्याला नावं ठेवली. मला त्याचं जाणं हा आमचा तोटा वाटतो, कारण माना वाचण्यात मामांनंतर त्याचाच हातखंडा होता. व्हिडिओतल्या पोराने दुसऱ्या हंगामात होडी चालवली नाही. तो आता जवळच्या एमआयडीसीत कामाला जातो.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात पैशापासून करेन. पहिल्याच बैठकीत प्रश्नाचं उत्तर कोणीतरी सरळ मराठीत सांगितलं होतं आणि मी ते शास्त्राच्या नादात बाजूला ठेवलं. त्यात सहा आठवडे गेले, आणि हंगाम असतो जेमतेम पाच महिन्यांचा.

नोंदी आधीपासून ठेवायला हव्या होत्या. नियम लागू होण्यापूर्वी थवा रोज किती वेळा उठायचा, याचं माझ्याकडे एकाच रविवारचं निरीक्षण आहे. विद्यार्थी दरवर्षी येत होते. पक्ष्यांच्या जातींच्या याद्या करण्याऐवजी उड्डाणं मोजली असती तर आज ठामपणे काही बोलता आलं असतं.

जेवण करणाऱ्या बायकांना आम्ही दुसऱ्या हंगामात विचारलं, तेही कुत्र्यांवरून. आतडी आणि उष्टं काठावर न टाकता खड्ड्यात पुरायचं ठरवलं ते त्यांनी, आणि तीन आठवड्यांत काठावरची कुत्री निम्म्याने कमी झाली. रोहितांच्या पिल्लांना होडीपेक्षा कुत्र्याचा धोका मोठा होता, हे सगळे जाणून होते. तरी बैठकांचा विषय होडीच राहिला, कारण व्हिडिओ होडीचा होता.

शेजारच्या गावांना बोलावलंच नाही. ते चुकलं का, याबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. आठ गावांची बैठक पहिल्या वर्षी बोलावली असती तर बहुधा सगळं चहा आणि भाषणांत गेलं असतं. पण एका थव्याच्या तिन्ही बाजूंना तीन गावं असताना एकाच गावाचा नियम किती दिवस टिकेल, हाही प्रश्न आहेच.

आणि गाळपेरवाले. त्यांना आम्ही दोन्ही वर्षं विसरलो. पाणी मागे सरकलं की गाड्या त्यांच्या उगवत्या हरभऱ्यातून थेट काठापर्यंत जायच्या. होडीवाले त्यांना वाट दाखवायचे, कारण गिऱ्हाइकाला चालायला लावायचं नव्हतं. जमीन सरकारची, पीक यांचं, तक्रार करणार कुठे? फेब्रुवारी २०२५ मध्ये एका शेतकऱ्याने कोणाशी काही न बोलता वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. दोन गाड्यांची चाकं गेली, भांडण झालं, काट्या मात्र हलल्या नाहीत. तेव्हापासून गाड्या देवळापाशी थांबतात आणि लोक तिथून पाऊण किलोमीटर चालत जातात. ज्यांना चालायचं नाही ते परततात. काठावर पहाटेचे हेडलाइट नाहीत, हॉर्न नाहीत, गाण्यांचे दणके नाहीत. पट्टकादंब त्या हंगामात काठाच्या बरेच जवळ बसलेले दिसले. आमच्या सगळ्या ठरावांत ही एक गोष्ट नव्हती.